घर मुदतीआधी सोडायचं असेल तर: लिव्ह अँड लायसन्स करारावरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात राहतं घर भाड्याने देण्याघेण्याचे बहुतेक नवे व्यवहार आता ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर होतात. एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो, आधार क्रमांक टाकतो, अंगठा घेतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. त्या अर्ध्या तासात करार कुणी वाचत नाही. तो वाचायची वेळ येते ती नोकरी बदलली, बदली झाली किंवा वरच्या मजल्यावरून पाणी झिरपायला लागलं की. खालची उत्तरं अशा नोंदणीकृत करारांबद्दल आहेत. पागडीची घरं आणि जुने संरक्षित भाडेकरू हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरलेलो नाही. सोयीसाठी ‘मालक’ आणि ‘भाडेकरू’ असेच शब्द वापरलेत. मात्र कायद्याच्या नजरेत या करारातला राहणारा हा भाडेकरू नसून वापराची परवानगी मिळालेला माणूस असतो, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या फरकात आहे.

अकरा महिन्यांचा करार आहे. अकरा महिने राहावंच लागतं का?

नाही. ऑनलाइन नोंदणीत सहसा जो ठरावीक मसुदा वापरतात, त्यातल्या रद्द करण्याच्या कलमात भाडेकरूला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन घर सोडता येतं. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. मालकालाही एक महिन्याच्या नोटिशीने करार रद्द करता येतो, पण भाडं थकलं किंवा अटींचा भंग झाला असं कारण त्याच्याकडे असावं लागतं.

इतकं सोपं असेल तर भांडणं कशाची होतात? मसुद्याच्या खाली जोडलेल्या जादा अटींची. लॉक-इन, दोन महिन्यांची नोटीस, रंगाचे पैसे, ‘डीप क्लीनिंग’ हे सगळं तिथे असतं. म्हणून आधी कराराची पीडीएफ शोधा आणि शेवटची दोन पानं वाचा.

लॉक-इन म्हणजे नेमकं काय?

ठरावीक महिने दोघांनीही करार मोडायचा नाही, अशी अट. घरांच्या करारात ती बहुतेकदा सहा महिन्यांची असते, कधी पूर्ण अकराची. सर्रास वापरलं जाणारं लॉक-इनचं कलम नीट वाचलं तर एक गंमत दिसते. भाडेकरू कोणत्याही कारणाने मधेच गेला तर त्याने लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं ठरलेल्या दराने भरायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. मालकाने घर खाली करायला लावलं तर मात्र त्याने भाडेकरूला ‘नुकसान आणि गैरसोय’ भरून द्यायची. किती? आकडा नाही. म्हणजे एका बाजूचं देणं पक्कं आणि दुसऱ्या बाजूचं वादात. सही करण्याआधी इथेच थांबून ‘मालकाने काढल्यास तितक्याच महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई’ असं लिहून घ्यावं. एजंट कुरकुर करेल, पण ते दोन ओळींचं काम असतं.

उदाहरण देऊन सांगा. चौथ्या महिन्यात निघालो तर किती जाईल?

समजा भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००, लॉक-इन सहा महिने आणि नोटीस एक महिन्याची आहे. तुम्ही चार महिने पूर्ण करून घर सोडलं. कराराच्या शब्दांप्रमाणे पाचव्या आणि सहाव्या महिन्याचे ५०,००० मालक मागू शकतो. नोटिशीचा महिना त्यावर वेगळा धरायचा का? माझ्या मते नाही, कारण तो महिना त्या दोन महिन्यांतच येतो. पण काही मालक तीन महिन्यांचे ७५,००० लावतात, म्हणजे नेमकं अख्खं डिपॉझिट. हिशोब असा डिपॉझिटच्या रकमेवर येऊन थांबला, की तो मागून पुढे केलाय का, हे विचारायला हरकत नाही.

मालक म्हणतो, करारात लिहिलंय म्हणजे पूर्ण पैसे द्यायचेच. खरंच द्यावे लागतात?

कोर्टात गेलं तर आपोआप नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ७४व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा समजायची. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं, की भरपाई मागायची तर नुकसान झालेलं असायला हवं. शिवाय ७३व्या कलमाच्या स्पष्टीकरणामुळे, नुकसान कमी करायला मालकाच्या हाती कोणते उपाय होते हेही पाहिलं जातं. तुम्ही १ तारखेला घर सोडलं आणि १५ तारखेला तितक्याच भाड्यावर नवं कुटुंब राहायला आलं, तर मालकाचं नुकसान दोन महिन्यांचं नाही, पंधरा दिवसांचं आणि फार तर एजंटच्या कमिशनचं.

आता व्यवहाराची बाजू. पैसे मालकाच्या खात्यात पडून असतात आणि पन्नास हजारांसाठी दिवाणी दावा लावायचा का, हा प्रश्न तुमच्यापुढे असतो, त्याच्यापुढे नाही. कायदा तुमच्या बाजूने कितीही असला तरी डिपॉझिट ज्याच्या हातात, त्याचं पारडं जड राहतं. म्हणून ७४व्या कलमाचा उपयोग भांडण सुरू करायला कमी आणि घासाघीस करायला जास्त. ‘घर कधी लागतं ते बघू, तितक्या दिवसांचं भाडं मी देतो’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी चालून जातं, कारण ते न्याय्यही असतं.

लॉक-इन संपायच्या आधी नोटीस देता येते का, की लॉक-इन संपल्यावरच द्यायची?

नेहमीच्या कलमात लॉक-इनच्या काळात ‘घर सोडायचं नाही’ असं असतं, ‘नोटीस द्यायची नाही’ असं नसतं. त्यामुळे पाचवा महिना संपताना नोटीस देऊन सहावा संपला की निघणं बसतं. पण ‘लॉक-इननंतर एक महिन्याची नोटीस’ अशी शब्दरचना असेल तर सातवा महिना धरून चाला.

नोटीस कशी द्यायची? व्हॉट्सॲपवर चालते?

करारात ‘लेखी’ म्हटलेलं असतं. व्हॉट्सॲपचा मेसेज पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो, पण ‘बघितलाच नाही’ म्हणायला जागा उरते. ईमेल करा, त्याचीच प्रत करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि मग व्हॉट्सॲपवर ‘काका, नोटीस मेल केली आहे’ असं कळवा. आधी फोन मात्र जरूर करा. सहा महिने ज्यांच्याकडून गणपतीला मोदक आले त्यांना थेट पोस्टाने कागद गेला की पुढचं बोलणं बिघडतं.

मजकूर साधा ठेवा:

‘अमुक तारखेच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातील रद्द करण्याच्या कलमानुसार मी एक महिन्याची नोटीस देत आहे. दिनांक अमुक रोजी सदनिकेचा रिकामा ताबा आणि चाव्या मी आपल्याकडे देईन. त्याच वेळी डिपॉझिटची रक्कम, करारानुसार काही वजावट असल्यास तिचा हिशोब देऊन, माझ्या खात्यात जमा करावी. घर नवीन लोकांना दाखवायला माझी हरकत नाही; आदल्या दिवशी कळवावे.’

दस्त क्रमांक टाका. शेवटचं वाक्य गाळू नका. नवा माणूस लवकर मिळण्यात तुमचाच फायदा आहे, आणि तुम्ही घर दाखवायला तयार होतात याची नोंद पुढे कामाला येते.

तारखेचंही बघा. भाडं १ ते ३० असं चालत असेल तर ४ तारखेला दिलेल्या नोटिशीवरून ‘हा महिना गेला, आता पुढचा पूर्ण’ असा वाद होतो. १ तारखेच्या आत द्या.

माझ्या जागी दुसरा भाडेकरू आणून दिला तर?

मुदतीआधी बाहेर पडायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. मालकाला खरी भीती असते ती रिकाम्या घराची. घर रिकामं असलं तरी सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर्जाचा हप्ता चालूच राहतो.

मात्र तुमचा करार तुम्ही दुसऱ्याच्या नावावर करू शकत नाही. ही परवानगी व्यक्तीपुरती असते, त्यामुळे मालकाने नव्या माणसाशी नवा करारच करायचा. त्याचा सरकारी खर्च लोकांना वाटतो तितका नसतो. मुद्रांक शुल्क म्हणजे पूर्ण मुदतीच्या भाड्याच्या, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजाच्या, ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ते सातशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. करार करून देणाऱ्याची मजुरी आणि एजंटचं कमिशन वेगळं. हा सगळा खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवली तरी तो दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा कमीच पडतो. शक्य असेल तर ऑफिसमधल्या किंवा ओळखीच्या माणसाला आणा, म्हणजे कमिशनही वाचेल.

नवा माणूस कुणी पसंत करायचा हा हक्क मालकाचाच. तुम्ही दोन-तीन बरी कुटुंबं आणली आणि त्याने सगळी नाकारली तर नुकसान त्याने स्वतः वाढवलं असं म्हणता येतं. म्हणून कोण कधी घर बघून गेलं ते मेसेजमध्ये राहू द्या.

डिपॉझिट अडकेल असं वाटतंय. शेवटचे दोन महिने भाडंच दिलं नाही तर?

सगळेच हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. कराराप्रमाणे हा भंग आहे, मालक त्यावर करार रद्द करू शकतो, आणि मालक सरळ असेल तर उगाच संबंध तुटतात. म्हणून मनानेच करू नका. पण लेखी संमतीने ‘नोटिशीच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं’ असं ठरवणं अगदी रास्त आहे. मालकाने आधीच्या भाडेकरूला महिनोन्महिने फिरवलं होतं असं शेजाऱ्यांकडून कळलं असेल, तर हा प्रस्ताव नोटिशीतच मांडा.

आणि खरंच अडकलं तर?

आधी वजावटीचा तपशील लेखी मागा. भिंतींचा रंग वापराने मळणं ही झीज आहे. तिचे पैसे करारात ठरले असतील तरच द्यायचे. फुटलेलं वॉश बेसिन ही वेगळी गोष्ट. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस. बरीच डिपॉझिटं या टप्प्यावर सुटतात. दाव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. पोलीस बहुधा ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात, त्यांच्याकडे जाऊन वेळ घालवू नका.

मालकच म्हणतोय, पुढच्या महिन्यात घर खाली करा. काय करू?

त्याच्याकडे करारातलं कारण आहे का, ते बघा. मुलाचं लग्न ठरलंय, घर विकायचंय, जास्त भाडं देणारा आलाय यातलं काहीही नेहमीच्या मसुद्यात कारण म्हणून नसतं. लॉक-इन चालू असेल तर त्याचीही बाजू तितकीच बांधलेली आहे.

पण इथे परवानगी आणि भाडेपट्टा यांतला फरक आड येतो. सुखाधिकार कायदा, १८८२ मध्ये परवानगी ही बहुतांशी मागे घेता येण्याजोगी गोष्ट आहे. त्याच कायद्यात ६३व्या कलमाने सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो, आणि पैसे मोजून घेतलेल्या परवानगीचा पूर्ण उपभोग व्हायच्या आत काही चूक नसताना बाहेर काढलं तर ६४व्या कलमाने भरपाई मागता येते. म्हणून ‘मी जाणारच नाही’ यापेक्षा ‘जातो, पण शिफ्टिंगचा खर्च, नव्या घराचं कमिशन आणि पूर्ण डिपॉझिट आधी’ ही भूमिका जास्त पदरात पाडते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २४व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागण्याचा झटपट मार्ग आहे, पण तो कराराची मुदत संपल्यानंतरचा. तेव्हा मात्र अडून बसू नका. मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट दराने भरपाई बसते.

कुलूप बदलणं, वीज किंवा पाणी तोडणं, सामान जिन्यात काढून ठेवणं हा मालकाचा हक्क नाही. असं झालं तर तेव्हा मात्र पोलीस ठाण्यात जा.

मी राहत असतानाच मालकाने फ्लॅट विकला. नवा मालक मला ठेवायला बांधील आहे का?

बहुतेकांना उलट वाटतं, पण सुखाधिकार कायद्याच्या ५९व्या कलमाप्रमाणे मिळकत हस्तांतरित झाली की नवा मालक केवळ त्या नात्याने जुन्या परवानगीला बांधला जात नाही. तुमचा करार जुन्या मालकाशी आणि डिपॉझिटही त्याच्याकडे. घर बघायला लोक येऊ लागले, की जुन्या मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या: डिपॉझिट तो परत करणार की विक्रीच्या हिशोबात नव्या मालकाकडे वळतं करणार. विक्रीनंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पावसाळ्यात छत गळतंय, भिंतीवर बुरशी आली. लॉक-इन असताना सोडता येईल?

सुखाधिकार कायद्याचं ५७वं कलम सांगतं, की माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो त्याने आधी सांगायला हवा. दरवर्षी गळणारं छत उन्हाळ्यात नव्याने रंगवून घर दिलं असेल तर तुमची बाजू चांगली भक्कम आहे. तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, दुरुस्तीसाठी लेखी मुदत द्या, सोसायटीलाही अर्ज द्या, कारण गच्चीची गळती बहुधा सोसायटीच्या खात्यात येते. नुसती भिंत ओलसर आहे म्हणून चावी टाकून निघून गेलात तर मात्र हिशोब लॉक-इनप्रमाणे होईल.

करार नोटरीकडचा आहे, नोंदणी केलेली नाही. अकरा महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही ना?

लागते. अकरा महिन्यांची पळवाट इतर अनेक राज्यांतली आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाच्या ५५व्या कलमाने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोटरीच्या कागदावरचं लॉक-इन दाखवून मालक ताठ बोलत असेल तर त्याला हे कलम शांतपणे वाचायला द्या.

आम्ही तिघं एकत्र राहतो. एकालाच जायचंय.

पुण्यात हा प्रश्न रोजचा. करारावर तिघांची नावं असतील तर मालकाच्या दृष्टीने पूर्ण भाडं तिघांवर. जाणारा माणूस निघून गेला तरी कागदावर उरतो, आणि त्याचा डिपॉझिटचा वाटा नव्या रूममेटकडून परस्पर घेतला जातो, ज्याचं नाव कुठेच नसतं. पुढे काही झालं तर तो नवा माणूस कुणाचाच नाही. सोयीचं उत्तर म्हणजे नव्या तिघांचा नवा करार. खर्च वर दिलाच आहे, तिघांत वाटला तर हॉटेलच्या एका बिलाइतका. तोवर निदान मालक धरून सगळ्यांच्या ईमेलवर ‘अमुक तारखेपासून अमुकची जबाबदारी संपली’ असं मान्य करून घ्या.

करार रद्द झाल्याचा कागद करावा लागतो का? मुद्रांक शुल्क परत मिळतं?

उरलेल्या महिन्यांचं शुल्क परत मिळत नाही. रद्द झाल्याचा कागद बहुतेक जण करत नाहीत. मी म्हणेन, करा. तारीख, ‘रिकामा ताबा मिळाला’, ‘डिपॉझिट परत केलं’, ‘एकमेकांकडे काही देणं नाही’, दोघांच्या सह्या. एवढं एका पानात मावतं. करार तीन किंवा पाच वर्षांचा असून बरीच मुदत उरली असेल तर दुय्यम निबंधकाकडे रद्दलेख नोंदवण्याबद्दल वकिलाला विचारा. मालकासाठीही ते बरं, कारण अशा वेळी नोंदींमध्ये जुना करार चालू दिसत राहतो.

चावी देण्याच्या दिवशी काय बघायचं?

वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, कारण महावितरणचं शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येतं. पाइप गॅस असेल तर त्याचंही रीडिंग. प्रत्येक खोलीचा एक सलग व्हिडिओ, नळ सोडून आणि पंखे लावून. सोसायटीच्या ऑफिसात आणि गेटच्या ॲपवर नाव काढायला सांगा, आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली होती तिथे बदल कळवायची आठवण मालकाला करा. पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजला की चावी. ‘उद्या टाकतो’ म्हणाले तर एक चावी तुमच्याकडे ठेवून उद्याच या, पण ते लिहून. नाहीतर ताबाच दिला नाही म्हणून भाडं चालू राहिल्याचा दावा होतो.

भाडं ५०,००० च्या वर आहे. मधेच सोडलं तर टीडीएसचं काय?

महिना ५०,००० पेक्षा जास्त भाडं देणाऱ्या व्यक्तीने कर कापायचा असतो; ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे. लोक मार्चची वाट बघतात, पण वर्षाच्या मधेच घर सोडलं तर तो शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कापावा लागतो. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं असेल तर हे हमखास राहून जातं. मालक अनिवासी असेल, म्हणजे मुलाकडे अमेरिकेत राहणारे काका-काकू, तर ही मर्यादा आणि हा दर लागू नाही. सीएला विचारूनच भरा.

आदर्श भाडेकरू कायद्यात दोनच महिन्यांचं डिपॉझिट आहे ना?

केंद्राने २०२१ साली काढलेला तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रातले व्यवहार १९९९ च्या अधिनियमावरच चालतात. मालकाशी बोलताना त्याचा हवाला देऊ नका. गोव्यातल्या घरांसाठी तर हा १९९९ चा अधिनियमही नाही. तिथला भाड्याचा कायदा १९६८ चा आणि वेगळा आहे, त्यामुळे पणजी-मडगावचा करार तिथल्याच वकिलाला दाखवा.